कोर्टात पत्नी, मोहल्ल्यात तलाकशुदा: नागपूर ते लेस्टर, एका निकाहाचं प्रकरण

२०२४ चा ऑक्टोबर, दिवाळी आठवड्यावर आलेली. जाफर नगरातून बाप-लेक माझ्याकडे आले. बापाच्या हातात नायलॉनची पिशवी, तिच्यात लग्नाची पत्रिका, दोन फोटो आणि एक मोबाइल. "एवढंच आहे आमच्यापाशी, मॅडम," ते म्हणाले. मोबाइलमध्ये सत्तावीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज होता, ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेला. मुलीच्या नवऱ्यानं तिचं पूर्ण नाव घेऊन तीनदा तलाक म्हटलं होतं आणि शेवटी, "बाकी बात अम्मी करेंगी." मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. कुठल्याशा वळणावर गाडी थांबवून तो हे बोलला होता.

मुलगी तोवर गप्प होती. मेसेज संपल्यावर तिनं विचारलं, "ताई, झाला का माझा तलाक?"

तिला मी इथे शमीम म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कौटुंबिक न्यायालयात मी बरीच वर्षं वकिली करते आहे, पण तिच्या या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला जवळपास वर्ष लागलं. परदेशी दिलेल्या मुलींचे बाप माझ्याकडे अधूनमधून येतात आणि बहुतेकांच्या पिशवीत अशीच पत्रिका आणि फोटो असतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

दोन घरं, एक रिश्ता

शमीमचे अब्बा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. घरात मराठीच, वऱ्हाडी वळणाची. एसटीत मेकॅनिक म्हणून लागले आणि नागपूरला स्थिरावले. अम्मी मोमीनपुऱ्याची, विणकर घराण्यातली. १८५७ नंतर उत्तरेकडची मोमीन विणकर कुटुंबं मालेगाव, कामठी, नागपूर अशी पसरली, त्यांतलंच एक. दीडशे वर्षं इथे राहूनही अम्मी सहज म्हणून जातात, "हमारे में तो लोग पहले से परदेसी हैं." उत्तरेतलं ते मूळ गाव त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तरी रिश्ता बघताना बिरादरी आधी विचारतात.

शमीम मराठी शाळेत शिकली. वर्गात ती एकटीच मुसलमान. दर वर्षी नव्या बाई कौतुकानं म्हणायच्या, "अगं, किती शुद्ध मराठी बोलतेस!" आणि दर वर्षी तिला ते टोचायचं, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलीला असं कुणी म्हणत नसे. मोमीनपुऱ्यातल्या मावसबहिणी तिला 'मराठीवाली' म्हणायच्या. पुढे नागपूर विद्यापीठातून बीएस्सी, मग बीएड केलं आणि एका खासगी शाळेत गणित शिकवायला लागली.

२०२१ मध्ये लेस्टरचं स्थळ आलं. सासू मूळची कामठीची, ऐंशीच्या दशकात लग्न होऊन तिकडे गेलेली. सासरे भरूचकडचे, नवरा तिथेच जन्मलेला आणि ब्रिटिश नागरिक. लेस्टर, ब्लॅकबर्न, बोल्टन या शहरांत गुजराती मुसलमानांची दुसरी-तिसरी पिढी आता नांदते आहे. मुलं तिथे जन्मतात, शिकतात, नोकरीला लागतात, आणि लग्नाची वेळ आली की घरच्यांना 'अपनी तरफ की लड़की' हवी असते. तिनं घरातल्या मोठ्यांची भाषा बोलावी, नमाज-रोजा सांभाळावा, सासूशी जुळवून घ्यावं ही अपेक्षा असते. या मागणीत मला मुळात वाईट काही दिसत नाही. परमुलखात राहणारं प्रत्येक घर काहीतरी धरून ठेवू पाहतं. पण धरून ठेवायचं ते सगळं एका सुनेच्या खांद्यावर टाकतात, तिथे बिघडतं.

मुलाकडचं पहिलं म्हणणं असं: करोनाचे दिवस आहेत, खर्च कशाला, वाग्दत्त वधूच्या व्हिसावर मुलीला पाठवा, निकाह इथल्या मशिदीत लावू, 'रजिस्ट्रीचं नंतर बघू.' अब्बांनी ऐकलं नाही. त्यांना कायदा वगैरे काही ठाऊक नव्हता. त्यांचं एकच म्हणणं होतं, "पहिल्या पोरीचं लग्न आहे, वरात माझ्या दारात आली पाहिजे." डिसेंबर २०२१ मध्ये वरात नागपुरात आली. काझींच्या दप्तरात निकाह नोंदवला गेला आणि व्हिसासाठी हवं म्हणून महापालिकेच्या झोन कार्यालयात १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली लग्नाची नोंदही झाली.

बापाच्या त्या हट्टानं पुढे मुलीला वाचवलं. निकाह लेस्टरच्या मशिदीत लागला असता आणि रजिस्ट्री राहून गेली असती, तर इंग्लंडच्या कायद्याच्या लेखी लग्न झालंच नसतं. अख्तर विरुद्ध खान या खटल्यात २०२० साली तिथल्या अपील कोर्टानं हेच सांगितलं. लंडनच्या एका रेस्तराँमध्ये १९९८ मध्ये लागलेला निकाह, त्यानंतरचा मुलाबाळांचा संसार, आणि तरी बाईच्या हाती कायदेशीर लग्न नाही, म्हणून घटस्फोटाचे आर्थिक हक्कही नाहीत. लग्न जिथे लागलं तिथल्या रीतीनं आणि कायद्यानं ते वैध असेल तर मात्र इंग्लंड ते मानतं. नागपूरच्या काझींच्या सहीनं लागलेला निकाह लेस्टरमध्ये पक्का आणि लेस्टरच्या मशिदीत लागलेला कच्चा, हे ऐकून अब्बा माझ्याकडे बघतच राहिले.

लेस्टरची दोन वर्षं

जुलै २०२२ मध्ये व्हिसा मिळाला, तेहतीस महिन्यांचा. सप्टेंबरात ती गेली.

मार होता का, हे मी तिला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन तऱ्हांनी विचारलं. नव्हता. ती म्हणाली, "मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

झालं ते असं. पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट आणि व्हिसाचं कार्ड सासूनं 'सांभाळायला' घेतलं. बँकेत खातं तिच्या नावानं उघडलंच नाही. फोन घरच्या प्लॅनवर, बिल नवरा बघणार. तिच्या व्हिसावर नोकरीची मुभा होती, जवळच्या शाळेला मदतनीस हवी होती, तिनं अर्जही भरला होता. नवरा दर वेळी म्हणायचा, "देखते हैं." दोन वर्षं तो देखतच राहिला. घरात गुजराती आणि इंग्रजी चाले. तिच्याशी बोलताना सगळे हिंदीवर यायचे आणि आपसात पुन्हा गुजरातीवर जायचे. नणंदेच्या मैत्रिणी तिला 'फ्रेशी' म्हणायच्या. गावाकडून नुकत्याच आलेल्यांसाठी तिथल्या आपल्याच पोरांनी काढलेला शब्द. गल्लीतल्या पाकिस्तानी बायकांसाठी ती 'इंडियावाली'. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती हिंदू दुकानदाराला तिच्या हिजाबामुळे ती नेमकी कुठली ते उमजत नसे, आणि ती सुट्टे पैसे मोजताना पुटपुटायची ती मराठीत.

झोप उडाली तेव्हा ती पाढे म्हणायला लागली. सोपे नाहीत, अवघड. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. "ती एकच गोष्ट होती ताई, जी तिथे कुणाला येत नव्हती आणि मला येत होती." झोपेच्या तक्रारीसाठी ती एकदा एकटीच तिथल्या दवाखान्यात गेली आणि घरची थोडी हकीकत डॉक्टरला सांगून आली. ती नोंद तिथल्या कागदोपत्री राहिली. पुढे ती आम्हाला उपयोगी पडली.

याला छळ म्हणायचं का, असा प्रश्न माझ्याच एका सहकाऱ्यानं विचारला होता. दोन्ही देशांचा कायदा म्हणतो, हो. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. इंग्लंडच्या २०२१ च्या कायद्यातही आहे, आणि जोडीदाराला असं बांधून, दाबून ठेवणं तिथे २०१५ पासून गुन्हा आहे.

जून २०२४ मध्ये भावाच्या लग्नासाठी नवरा-बायको नागपूरला आले. लग्न छान झालं. परतीच्या तीन दिवस आधी नवरा म्हणाला, "टिकिट चेंज करना है, पासपोर्ट दे," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच दोहाच्या विमानानं निघून गेला. पासपोर्ट, कार्ड, सगळं घेऊन. तिच्या सुटकेसमध्ये आठ दिवसांचे कपडे होते. दागिने, बीएडची मूळ प्रमाणपत्रं, मार्कशिटा सगळं लेस्टरच्या कपाटात. माहेरची तिची खोली आता भावाची झाली होती. ती अम्मीजवळ हॉलमध्ये झोपायला लागली. दोन महिने 'आज बोलावतील, उद्या बोलावतील' चाललं आणि मग तो सत्तावीस सेकंदांचा मेसेज आला.

झाला की नाही

कायद्याचं उत्तर मी पहिल्याच दिवशी दिलं. नाही झाला.

एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्यानं तो बोलून, लिहून किंवा मोबाइलवरून, कसाही दिला तरी शून्य आणि बेकायदा ठरवला, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला होता. तोंडी तलाक बंद करा ही त्यांची मागणी कायद्यात उतरायला त्रेपन्न वर्षं लागली.

इंग्लंडमध्येही तेच. तिथल्या १९८६ च्या कुटुंब कायद्याप्रमाणे त्या भूमीवर दिलेला घटस्फोट दिवाणी न्यायालयाचा असेल तरच चालतो. गाडीत बसून मोबाइलवर बोललेल्या तलाकला तिथेही किंमत शून्य. म्हणजे शमीम दोन देशांत, दोन कायद्यांनी, त्या माणसाची धडधडीत बायको होती.

पण घरी अम्मीनं तिला इद्दतला, म्हणजे तलाकनंतर बाईनं घरात काढायच्या मुदतीला, बसवलं होतं. घराजवळच्या मौलानांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तीन वेळा म्हटलं, तीन झाले. हनफी या सुन्नी परंपरेतलं हे प्रचलित मत. अहले हदीस या दुसऱ्या पंथाचे लोक एका बैठकीतले तीन एकच धरतात, पण अम्मीच्या घरात त्यांचं कोण ऐकणार? माझ्याकडे आली त्या दिवशी तिची इद्दत पुरी व्हायची होती आणि घराबाहेर पडली म्हणून अम्मी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मला अम्मींचा राग येत नाही. बत्तीस वर्षं ज्या चौकटीत त्यांनी संसार केला तीच चौकट त्या मुलीभोवती धरत होत्या. बाहेर तिला कुणी काही बोलू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

परिणाम मात्र विचित्र झाला. मोहल्ल्यात शमीम तलाकशुदा, कोर्टात पत्नी. कायद्यानं तिला दुसरं लग्न करता येईना आणि मोहल्ल्याच्या हिशेबानं नवऱ्याकडे पोटगी मागणं शोभेना, कारण 'आता नातंच कुठे उरलं?' तिकडे लेस्टरमध्ये नवऱ्याचं मशिदीपुरतं सगळं मिटलेलं, आणि त्याच्यासाठी भरूचकडची नवी मुलगी बघणंही चालू.

माझी चूक

ही बाजूही लिहायला हवी. पहिले दोन महिने मी चुकीच्या दारावर धक्के मारले.

मेसेज ऐकला आणि मला २०१९ चा कायदाच दिसला. पुरावा हातात, गुन्हा दखलपात्र, चला पोलिसांत. एका ठाण्यात आम्ही तीनदा गेलो. तो ब्रिटिश नागरिक, बोलला लेस्टरमध्ये, ऐकलं नागपुरात, गुन्हा नेमका कुठे घडला यावरच घोळ. तिसऱ्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या शमीमनं मला विचारलं, "ताई, तो जेलात गेला तर माझी सर्टिफिकेटं परत येतील का?"

तिला काय हवं आहे हे मी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं आणि तिनं बोटांवर मोजून सांगितलं. पासपोर्ट. बीएडचे कागद. दागिने. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेलं देणं. आणि कुणी विचारलं तर एका शब्दात सांगता येईल असं उत्तर, की ती कोण आहे.

नेट कॅफेतला फोल्डर

निकाहनामा तिच्याजवळ नव्हता, नोंदणीचा दाखलाही नाही. दोन्हींच्या मूळ प्रती नवऱ्याकडे. काझींच्या दप्तरात नोंद असते, नक्कल मिळते, महापालिकेतूनही मिळते. ते काम अब्बांनी हाती घेतलं. पण खरं घबाड सदरमधल्या एका नेट कॅफेत निघालं.

२०२२ मध्ये व्हिसाचा फॉर्म तिथल्या मुलानं भरून दिला होता. त्याच्या संगणकात 'शमीम यूके' नावाचा फोल्डर अजून तसाच होता. "ताई, मी काहीच डिलीट करत नाही, लोक परत येतात ना," तो म्हणाला. एकेक फाइल उघडत गेली तशी शमीम खुर्ची पुढे ओढत गेली. पासपोर्टची पानं. निकाहनामा, उर्दूत, अब्बांच्या सहीसकट. झोन कार्यालयाचा मराठी दाखला. आणि त्याखाली नवऱ्याच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, मालकाचं पत्र. बायकोला बोलवायचं तर कमाई दाखवावी लागते, तेव्हा वर्षाला किमान १८,६०० पौंडांची अट होती. ती पुरी होते हे दाखवायला त्यानं स्वतःच्या सहीनं सगळं दिलेलं होतं.

पोटगीच्या खटल्यात सगळ्यात अवघड काय असतं, तर नवऱ्याची कमाई सिद्ध करणं. इथे बसून 'माझा स्वतःचा धंदा नाही, भावाच्या दुकानात बसतो' म्हणणाऱ्यांशी मी रोज झगडते. आणि इथे पौंडांतल्या पावत्या एका नेट कॅफेवाल्या पोरानं अडीच वर्षं जपून ठेवलेल्या. त्यानं छपाईचे पैसे घेतले नाहीत.

निकाहनाम्यात आणखी एक ओळ होती, जी लग्नात कुणी नीट वाचली नव्हती. मेहर रुपयांत लिहिलेलं नव्हतं. काझींनी मेहर-ए-फातिमी लिहिलं होतं, १३१ तोळे ३ मासे चांदी, म्हणजे सुमारे १,५३१ ग्रॅम. आणि ते मुवज्जल होतं, नंतर द्यायचं. रुपयांत असतं तर आकडा जिथल्या तिथे राहिला असता. चांदी त्या चार वर्षांत चांगलीच चढली.

डिसेंबरात आम्ही कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज टाकला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ झालं आहे. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही त्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ ला पुन्हा ठामपणे सांगितलेलं होतं. म्हणून समोरच्यानं 'ती बायको नाही' म्हटलं तरी पोटगी, 'बायको आहे' म्हटलं तरी पोटगी. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, नवऱ्याच्या किंवा सासूच्या नव्हे. तक्रार, प्रतिज्ञापत्र देऊन नवा काढला. हरवलेल्या व्हिसा कार्डाची चिंताही विनाकारण निघाली. ब्रिटननं अशी बहुतेक कार्डं २०२४ च्या अखेरीस बंद करून सगळं ऑनलाइन केलं. कार्ड नवऱ्याच्या खिशात होतं, पण राहण्याची परवानगी एप्रिल २०२५ पर्यंत तिच्याच नावावर शाबूत होती.

तिनं काय नाकारलं

इंग्लंडमधल्या एका महिला हेल्पलाइनमधून तिथली वकील मिळाली. तिनं सांगितलं ते मलाही नवं होतं. बायकोला माहेरी सोडून, कागद काढून घेऊन पळून येणं याला तिथे आता वेगळं नाव आहे आणि तो कौटुंबिक छळच धरतात. ३१ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे अशा बाईला देशाबाहेरूनही कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. नवऱ्याची परवानगी लागत नाही.

मी हरखले. अब्बाही. ते म्हणाले, "जा बेटा, हक्कानं जा, नोकरी कर, दाखव त्यांना."

शमीमनं आठ दिवस मागितले. गच्चीवर फिरायची, खाली यायची, गप्प. मग म्हणाली, "मला दाखवायचं नाही कुणाला काही." तिथे गणिताची शिक्षिका होता येईल, मी म्हटलं. होता येईल, ती म्हणाली, पण पहिली दोन-तीन वर्षं पुन्हा कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी भाषेत. तिनं अर्ज केला नाही.

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. इतका दुर्मीळ हक्क हातचा जाऊ द्यायचा? पण तो तिचा होता, म्हणून सोडायचाही तिनंच. एप्रिल २०२५ मध्ये मुदत संपली त्या दिवशी ती आठवीच्या पोरांना वर्गमूळ शिकवत होती. मला मात्र दिवसभर करमलं नाही.

तीन कागद

त्या वकिलीणबाईंच्या एका पत्रानं लेस्टरचं घर हललं. पत्र साधं होतं: तुमचं लग्न इंग्लंडच्या कायद्यानं अजून कायम आहे. त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला. पहिलं लग्न कायद्यानं संपल्याशिवाय भरूचच्या मुलीला व्हिसा मिळणार नव्हता. ज्या कागदाला सत्तावीस सेकंदांत केराची टोपली दाखवली, तोच आता त्यांच्या वाटेत आडवा आला.

आधी कामठीच्या नातेवाइकांमार्फत निरोप आला: तिनं खुला मागावा, मेहर सोडावं, प्रेमानं मिटवू. मी अब्बांना समोर बसवून सांगितलं. खुला म्हणजे बायको सुटका मागते आणि बहुधा मेहर सोडते. इथे सुटका कोणाला हवी आहे? ज्याला हवी त्यानं मागावी. अम्मी पडद्याआडून ऐकत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या: "मेहर तो अल्लाह का हुक्म है। वो कौन होता है माफ़ करवानेवाला?"

शेवटी ठरलं ते असं. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं इंग्लंडच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला. तिथे एप्रिल २०२२ पासून दोषारोपाशिवाय घटस्फोट मिळतो, पण वीस आठवडे आणि मग आणखी सहा आठवडे थांबावं लागतं. अंतिम आदेश ऑगस्टमध्ये आला. पण तेवढ्यावर भागत नाही. परदेशी कोर्टाचा एकतर्फी हुकूम आपल्याकडे आपोआप लागू होत नाही. बायकोनं मनापासून भाग घेतला होता का, आणि तिच्या वैयक्तिक कायद्यात तसा घटस्फोट बसतो का, हे इथलं कोर्ट बघतं. म्हणून दुसरा कागद, मुबारातनामा. दोघांच्या संमतीनं वेगळं होणं, शरियतला मान्य, म्हणून मौलानांनाही मान्य. आणि तिसरा, सिव्हिल लाइन्सच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश, की हे लग्न संपलं.

मुबारातनाम्यात तिच्या यादीतलं सगळं आलं. दागिने. एकरकमी पोटगी. मेहर, फेडायच्या दिवशीच्या चांदीच्या भावानं. आणि एक ओळ तिनं स्वतः मसुद्यात घातली, 'बीएस्सी व बीएडची मूळ प्रमाणपत्रे व गुणपत्रिका, सुस्थितीत.' तोवर विद्यापीठातून तिला दुसऱ्या प्रती मिळालेल्या होत्या, त्यांच्यावर काम भागत होतं. तरी ती ओळ तिनं काढू दिली नाही. कुरिअर आलं तेव्हा दागिन्यांची डबी तिनं अम्मीच्या हातात दिली आणि आधी फाइल उघडली. एका मार्कशिटवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

सप्टेंबरात न्यायालयाचा आदेश मिळाला. पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "शमीम, आता झाला." ती म्हणाली, "हो, आणि सगळीकडे एकच झाला."

नोव्हेंबर

धाकट्या बहिणीला स्थळ आलं ते शारजाहचं. मुलगा चांगला, घर बरं, नागपूरहून सरळ विमान. अम्मी खूश. निकाहच्या आदल्या रात्री शमीमनं मला फोन केला, तफवीजची अट कशी लिहायची ते विचारायला. नवरा निकाहनाम्यातच बायकोला तलाकचा अधिकार सोपवू शकतो, ही शरियतमधली फार जुनी तरतूद आहे. मी मजकूर सांगितला, तिनं उर्दूत उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मीही गेले होते. काझीसाहेबांनी रजिस्टर उघडलं, मुलीच्या वतीनं बोलणारा निकाहाचा वकील आणि दोन गवाह पुढे सरकले. शमीमनं तो कागद पुढे केला. मुलाचे चाचा चिडले, "ये क्या नयी बात है?" काझीसाहेबांनी चष्मा वर केला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "नयी नहीं है, पुरानी है। बस, इस फ़ॉर्म में जगह नहीं है।" मग त्यांनी एक कोरं पान मागवलं. मुलानं चाचांकडे पाहिलं, मग शमीमच्या बहिणीच्या बंद दाराकडे, आणि सही केली.

पान चिकटवायला गोंद सापडेना. एका पोराला खाली दुकानात पिटाळलं. तोवर शमीम आतल्या खोलीत बहिणीजवळ बसून निकाहनाम्याची एकेक ओळ वाचून दाखवत होती, आधी उर्दूत, मग मराठीत. मेहर किती, त्यातलं आज किती, नंतरचं किती. गोंद आला, पान चिकटलं, शिक्का बसला. तिनं सगळ्या पानांचे फोटो काढले. एक संच बहिणीच्या मोबाइलवर टाकला, एक अब्बांच्या, आणि तिसरा सदरच्या नेट कॅफेवाल्या पोराला पाठवून दिला.